चर बुजवला की वर्णन सुरू होते

गेल्या उन्हाळ्यात काळबादेवीच्या एका गल्लीत मी एका चराच्या काठावर तासभर उभा होतो. चर कमरेइतका खोल होता. वर पेव्हर ब्लॉक, त्याखाली डांबराचे तीन-चार थर, मग खडी, मग काळ्या दगडाची जुनी बांधणी. त्या दगडातून एक गंजलेला बिडाचा नळ आडवा गेलेला. त्याला खेटून नारिंगी प्लास्टिकच्या नळ्या आणि त्यांच्यावर विजेची केबल. नळात पाणी आहे की तो कधीच मेला आहे, हे खणणाऱ्यांना ठाऊक नव्हते. मुकादमाने हातोडीने टकटक करून कान लावला आणि म्हणाला, "चालू वाटतो." मी वहीत काहीतरी लिहितो आहे हे पाहून एका दुकानदाराने मला साहेब समजून विचारले, "आणखी किती दिवस?" मी साहेब नाही, असे सांगितल्यावर त्याने तोंड फिरवले.

त्याची चूक नव्हती. रस्ता खणलेला असताना तिथे लिहीत उभा राहणारा माणूस हा एकतर साहेब असतो, नाहीतर वार्ताहर. चर ही वाचायची गोष्ट आहे असे आपल्याकडे कुणी मानत नाही. या लेखात मला जे मांडायचे आहे ते याच्याशी संबंधित आहे. मुंबईच्या मध्यभागातले रस्ते, नळ आणि गटारे यांची सुधारणा गेली पावणेदोनशे वर्षे चालू आहे आणि तिची मराठी नोंदही जवळजवळ तितकीच जुनी आहे. पण ती नोंद नेहमी चर बुजवल्यानंतर सुरू होते. त्यामुळे शहराने काय गमावले आणि आपल्या वाङ्मयाने काय गमावले, हे पाहावे असा विचार आहे.

आधी माझा अधिकार काय ते सांगतो. मी इतिहासाचा पदवीधर नाही. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचे प्रशिक्षण घेऊन १९९० च्या आसपास एका कंत्राटदाराच्या कचेरीत ट्रेसर म्हणून लागलो. ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेने, अमोनियाचा वास येणारे प्रिंट यांत पंधरा वर्षे गेली. जुनी पुस्तके वाचायचा नाद लागला तो नकाशांमुळेच. रस्त्यांची जुनी नावे कळेनात, म्हणून पुस्तके शोधू लागलो.

दोन पुस्तके

गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. गोव्यात १८१५ साली जन्मलेला, लहानपणी मुंबईत आलेला हा शिक्षक. मराठीत एखाद्या आधुनिक शहरावर लिहिलेले हे पहिले भरघोस पुस्तक, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. त्यानंतर पाच वर्षांनी ना. वि. जोशी यांचे 'पुणे शहराचे वर्णन' आले आणि १८८९ साली बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत'. मराठीत शहराचे वर्णन हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच एकोणिसाव्या शतकात उभा राहिला होता. विसाव्या शतकात तो का आटला, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही.

माडगांवकरांच्या पुस्तकावर माझे प्रेम आहे. त्यांना मोजण्याचे वेड आहे. खर्च, लांबी, साल, संख्या ते हौसेने देतात. शहर म्हणजे केवळ देवळे आणि धनिकांचे वाडे नव्हेत, तलाव, सडका, गोद्या आणि आगगाडी हेही शहरच, हे त्यांना पक्के कळले होते. पुढच्या कितीतरी ललित लेखकांना ते कळले नाही. तरीही त्यांचे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचताना एक गोष्ट टोचते. त्यांच्या पानांवर काम झालेले असते. तलाव झाला, सडक झाली, इतका खर्च आला, लोकांची सोय झाली. काम चालू असतानाचे शहर, म्हणजे अर्धवट खणलेले, चिखलाचे, माणसे वळसा घालून जातात ते, तिथे जवळपास नाहीच. खणणारे तर नाहीतच.

हा दोष एकट्या माडगांवकरांचा नाही. वर्णन या प्रकाराचाच तो स्वभाव आहे. परगावच्या वाचकाला शहर दाखवायचे तर ते नीटनेटके करूनच दाखवावे लागते. पाहुणे येण्याआधी घर आवरावे, तसे. पण आवरलेल्या घरात पसारा कुठे ढकलला आहे, हे विचारणे समीक्षकाचे काम असते. म्हणून या पुस्तकांच्या आजूबाजूला काय घडत होते ते पाहू.

पाणी आले, वाट नव्हती

माडगांवकरांचे पुस्तक येण्याआधी तीन वर्षे, १८६० साली, विहारचे पाणी मुंबईत आले. त्याआधी शहर विहिरी आणि तलावांवर जगत होते. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने आखलेल्या या योजनेने मुंबईला प्रथमच लांबून नळाने पाणी मिळाले. त्या काळच्या माणसाला हा चमत्कार वाटला असेल तर नवल नाही.

पण पाणी आत आणण्याची योजना झाली, बाहेर नेण्याची नाही. नळाने आलेले पाणी वापरून झाल्यावर कुठे जाणार, याचा निकाल त्या वेळी लागलेला नव्हता. सखल शहरात सांडपाणी मुरत राहिले. गटारांच्या योजनांवर पुढची अनेक वर्षे वाद चालले. मैला डोक्यावरून आणि गाड्यांतून वाहून नेण्याचे काम हलालखोरांकडे होते आणि त्यासाठी शहर 'हलालखोर कर' या नावाने पट्टी वसूल करी. दोन घरांच्या पाठभिंतींमध्ये त्यांच्यासाठी अरुंद बोळ सोडलेला असे. मुंबईकर त्याला आजही हाऊस गल्ली म्हणतात. विहारचा नळ हा शहराचा अभिमान झाला आणि हाऊस गल्ली शहराची पाठ झाली. वर्णने अभिमानाची झाली.

माडगांवकर १८६५ साली वारले. त्याच वर्षी नव्या कायद्याने मुंबईला म्युनिसिपल कमिशनर मिळाला. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. रस्ते रुंद करणे, सफाई, मंडया ही कामे त्याने इतक्या धडाक्याने केली की नगरपालिका कर्जात बुडाली. १८७१ मध्ये करदात्यांनी हिशेब मागितला आणि क्रॉफर्डला जावे लागले. तरुण फिरोजशहा मेहता यांनी त्या वादात एक वेगळी भूमिका घेतली. एका माणसाच्या हाती कारभार असणे वाईट नाही, मात्र त्याच्यावर लोकांनी निवडलेल्यांचा अंकुश हवा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची नगरपालिका आली. त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडून द्यायचे होते.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. मुंबईकराला मताचा अधिकार मिळाला तो रस्त्यांच्या खर्चावरून झालेल्या भांडणातून. कारभाराचा सगळा इतिहास क्षणभर बाजूला ठेवला, तरी ही एक गोष्ट कुठल्याही कादंबरीला पुरून उरेल. आपल्याकडे तिच्यावर कादंबरी नाही. क्रॉफर्डच्या नावाची मंडई मात्र सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ती बांधून पूर्ण झाली.

वाऱ्यासाठी कापलेले रस्ते

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते कापायचे, कोंदट घरे पाडायची, असा त्याचा कार्यक्रम होता. आजचा शामलदास गांधी मार्ग म्हणजे तेव्हाचा प्रिन्सेस स्ट्रीट आणि आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणजे तेव्हाचा सँडहर्स्ट रोड. नकाशावर या दोन्ही रस्त्यांकडे पाहा. दोन्ही समुद्राकडून आत, पश्चिमेकडून पूर्वेला जातात. मी अनेक वर्षे हे रस्ते ट्रेस केले, पण त्यांची दिशा तशी का, हे मला कधी सुचले नव्हते. समुद्राचा वारा आतल्या वस्तीत शिरावा, म्हणून ते तसे कापले होते. रोग कोंडलेल्या, दूषित हवेतून पसरतो, ही त्यामागची समजूत.

प्लेग हवेने पसरत नव्हता. तो उंदीर आणि त्यांच्यावरच्या पिसवांमुळे पसरत होता. ट्रस्ट स्थापन झाला त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पिसवांचा संबंध मांडला. तो सर्वमान्य व्हायला मात्र दशकभर लागले. तोवर घरे पडली होती. पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या फार कमी बांधल्या गेल्या आणि त्यांचे भाडे उठवलेल्या माणसांना परवडेच असे नाही. माणसे शेजारच्या गल्लीत गेली आणि तिथली दाटी वाढली. उंदीर त्यांच्याबरोबर गेलेच असणार.

ट्रस्टचे सगळेच वाईट, असे मी म्हणणार नाही. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष झालेल्या जे. पी. ऑर यांनी खोलीत उजेड किती अंशातून आला पाहिजे, याचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आग्रहाने मांडला. गिरगावातल्या अंधाऱ्या खोलीत ज्याने दिवसाही दिवा लावून अभ्यास केला आहे, तो ऑरसाहेबाला हसणार नाही. आणि चुकीच्या निदानातून झालेले ते रस्ते पुढे ट्राम आणि मोटारींना उपयोगी पडलेच. १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची, आणि ३१ मार्च १९६४ ला ती बंद झाली. तिचे रूळ सगळीकडे उपटले गेले नाहीत. बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर डांबर टाकले. काही वर्षांपूर्वी हुतात्मा चौकात फ्लोरा फाऊंटनची डागडुजी चालू असताना ते सापडले, तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटले. शहर आपल्याच पोटातली गोष्ट साठ वर्षांच्या आत विसरते, याचे आश्चर्य कुणाला वाटलेले दिसले नाही.

माझ्या दृष्टीने मुद्दा असा. प्रत्येक सुधारणेच्या खाली एक निदान पुरलेले असते. १८६० चे निदान: शहर तहानलेले आहे. १८९८ चे: शहर गुदमरले आहे. आजचे निदान: रस्त्याला खड्डे पडतात. एकेक निदान पूर्ण खोटे नसते, पण एकेकटे असते. खड्ड्यांवर उपाय म्हणून २०२३ पासून सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचे, सहा हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाचे काम मुंबईत सुरू झाले. काँक्रीट टिकते, हे खरे. पण खड्डा नुसत्या डांबराच्या दोषाने पडत नाही. खाली मुरणाऱ्या पाण्याने पडतो आणि पुन्हा पुन्हा खणून कसाबसा बुजवलेल्या चराने पडतो. पाणी, मलवाहिनी, पावसाचे पाणी, वीज, गॅस, फोन यांच्यासाठी आधीच जागा केली नाही, तर काँक्रीटही कापावेच लागते. माडगांवकर लिहीत होते त्याच काळात पॅरिसमध्ये मोठ्या गटारांच्या बोगद्यांतूनच पाण्याचे नळ नेले जात होते. म्हणजे आत जाऊन दुरुस्ती करता यावी, ही कल्पना काही नवी नव्हे.

आणखी एक गोष्ट. हा काँक्रीटचा कार्यक्रम आखला गेला तेव्हा महापालिकेत निवडून आलेले सभागृह नव्हते. त्याची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. कार्यक्रम चांगला की वाईट, हा वेगळा प्रश्न. पण रस्त्यांच्या हिशेबातून ज्या शहराला मत मिळाले, त्याच शहराने रस्त्यांचा सर्वात मोठा हिशेब सभागृहाविना सुरू केला. १८७१ च्या करदात्यांनी याला काय म्हटले असते, हे सांगायची गरज नाही.

माझ्या हातचे नकाशे

इथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय वरची टीका करण्याचा मला हक्क नाही.

रस्त्याखालच्या कामाचे दोन नकाशे असतात. एक प्रस्तावित, म्हणजे काम कसे करायचे त्याचा. दुसरा काम झाल्यावर काढायचा. प्रत्यक्षात नळ कुठून गेला, किती खोल गेला, कुठे वळवावा लागला, ते दाखवणारा. त्याला ॲज-बिल्ट म्हणतात. हा दुसरा नकाशा दिल्याशिवाय शेवटचे बिल निघत नाही. जागेवर तर रोज अडचणी येतात. मध्येच जुनी भिंत लागते, कुणाचा नळ लागतो, मग चर दोन हात सरकवतात. रात्री काम करून सकाळी बुजवतात. मोजायला वेळ कुणाला? बिलाची वेळ आली की आमच्याकडे निरोप येई. आम्ही प्रस्तावित नकाशा ट्रेस करायचो, खाली शीर्षक आणि तारीख बदलायचो आणि प्रिंट काढून द्यायचो. दिसायला सुबक असत ते. माझे अक्षर चांगले म्हणून शीर्षके बहुधा माझ्याकडेच येत.

असे किती नकाशे मी काढले, हे आता आठवत नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी, ती नोकरी सोडल्यावर, मध्य मुंबईतल्याच एका रस्त्यावर खणताना एका मजुराची पहार विजेच्या केबलवर बसलेली मी पाहिली. केबल तिथे असायला नको होती, असे मुकादम सांगत होता. नकाशात ती पलीकडच्या फुटपाथखाली होती. त्या मुलाचे दोन्ही हात भाजले. टॅक्सीत घालून त्याला नेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या भागातली वीज सहा तास गेल्याची बातमी होती. त्याचे नाव नव्हते. तो नकाशा माझ्या हातचा होता, असे मला सिद्ध करता येत नाही. नव्हता, असेही नाही.

त्या दिवसानंतर मी 'मुंबईचे वर्णन' पुन्हा काढले आणि मला ते वेगळे दिसू लागले. झालेल्या कामाचे सुबक वर्णन म्हणजे काय, हे मला आतून माहीत होते. माडगांवकर प्रामाणिक होते, मी नव्हतो, एवढा फरक आहेच. पण आम्हा दोघांच्याही कागदावर चर नव्हता.

गटार ही प्रतिमा नव्हे

विसाव्या शतकातल्या मराठी साहित्याने मुंबई भरपूर लिहिली, असे कुणी म्हणेल. ते खरेच आहे. चाळ आली, गिरणी आली, फुटपाथ आला. पण चाळीचे बहुतेक लेखन गॅलरीत उभे राहून झाले. नळावरचे भांडण हा आपल्या विनोदाचा हुकमी विषय. त्या नळाला ठरावीक वेळीच पाणी का येते आणि कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह रोज कोण फिरवतो, हे त्या विनोदाला विचारावेसे वाटले नाही. पालिकेचा चावीवाला हातात लांब चावी घेऊन पहाटे गल्लीगल्लीत फिरतो. कुठला नळ कुठे जातो, हे कुठल्याही नकाशापेक्षा त्याला जास्त ठाऊक असते. मराठी कथेत मला तो अजून नीट भेटलेला नाही.

खालून लिहिणारे आले ते दलित साहित्यातून. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा. तिथे गटार लांबून दिसत नाही, भाषाच त्यातून वर येते. पण आपल्या समीक्षेने काय केले? तिने गटाराला प्रतिमा म्हटले. विद्रोहाची प्रतिमा, नरकाची प्रतिमा. प्रतिमा ती आहेच. पण गटार हे गटारही असते. त्याला व्यास असतो, उतार असतो, त्यात उतरणारा माणूस असतो. गोलपिठ्याला लागूनच कामाठीपुरा आहे. तेलंगणाकडून आलेल्या, हे शहर बांधणाऱ्या कामाठी मजुरांवरून त्याला ते नाव पडले. त्या नावाचा अर्थ आज किती वाचकांना प्रथम आठवतो? श्रमाचे नाव वस्तीला उरले आणि श्रम विसरला गेला.

हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी गटारात उतरून माणसे मरतात आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये करावी लागली. वाहिनीत कुठला वायू साठला असेल, ती पुढे कुठे जोडली आहे, आत किती खोल आहे, याची खरी नोंद असणे म्हणजे उतरणाऱ्याचा जीव. खोटा नकाशा आणि 'गटार ही प्रतिमा आहे' असे म्हणून पुढे जाणारी समीक्षा, या दोन्हींत मला हल्ली एक नाते दिसते. दोन्ही झाकण बसवतात.

साहित्याने अभियंत्याचा अहवाल लिहावा असे माझे म्हणणे नाही. अहवाल लिहिणारे आहेत. पण शहराचे वर्णन हा प्रकार आपल्याकडे होता, तो आपल्याच माणसांनी घडवला होता, आणि तो पुन्हा घेण्यासारखा आहे. माडगांवकरांचे मोजण्याचे वेड घ्यावे. त्यांची हौस घ्यावी. फक्त लेखणी काम संपल्यावर उचलू नये. गिरगाव आणि काळबादेवीच्या खालून आता मेट्रो गेली आहे. तिच्यासाठी इमारती गेल्या, माणसे हलली, वर्षानुवर्षे पत्रे लागले होते. स्थानके चकचकीत आहेत आणि त्यांचे वर्णन करणारे खूप निघतील. पत्र्यांच्या आतले लिहून ठेवायला हवे ते आत्ताच, सांगणारी माणसे आहेत तोवर.

मी आपल्यापुरती सुरुवात केली आहे. दर रविवारी जुन्या शहरातल्या दोन-तीन गल्ल्या फिरतो. उघडा चर दिसला की टेपने मोजतो, कुठला नळ कुठल्या भिंतीपासून किती हातांवर, किती खोल, ते वहीत काढतो आणि खणणाऱ्याला नाव विचारतो. नाव सांगायला ते बिचकतात. कशाला हवे, असे विचारतात. मी सांगतो, नकाशावर घालायला. मग हसतात. पण बहुतेक जण सांगतात, गावासकट.

काळबादेवीचा तो चर तिसऱ्या दिवशी बुजवला. वर नवे पेव्हर ब्लॉक बसले. दुकानदाराने मला ओळखले आणि म्हणाला, "बघा, झाले एकदाचे." मी वही उघडून त्याला चराचे चित्र दाखवले. त्याच्या उंबरठ्यापासून सव्वातीन फुटांवर, अडीच फूट खोल, बिडाचा नळ. चालू असावा. तो बराच वेळ चित्र बघत राहिला. मग त्याने आतून कागद आणला आणि म्हणाला, "एक मलाही काढून द्या."